गुणाबाईंच्या चार माळा

चांदा जिल्ह्यात आरमोरीजवळ ढिवरांची एक वस्ती होती. गुणाबाई तिथल्याच. नवरा गेल्यावर तळ्यातली मासोळी आणि येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवरचे रेशमाचे कोसे यांच्या जोरावर त्यांनी दोन लेकी वाढवल्या. १९५६ साली मी तिथं सरकारी कामदार म्हणून गेलो, कोशांचं पीक सुधारायला. नवा होतो, हुरूप दांडगा.

दिवाळीनंतर कोशातलं पाखरू निजतं, ते मृगालाच जागं होतं. तोवर बियाण्याचे कोसे माळा करून टांगून ठेवायचे. वस्तीभरच्या माळा मी माझ्या ओसरीत एकत्र टांगायला लावल्या. गुणाबाईंनी मात्र चार माळा आपल्या घरी, धान साठवायच्या मोठ्या ढोल्याआड अंधारात ठेवल्या.

"सासूनं सांगतलं होतं, घनश्यामभाऊ. राग नोका मानू."

रोज संध्याकाळी त्याच ओसरीत गॅसबत्ती लावून मी मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवत असे.

फाल्गुनात एका सकाळी दार उघडलं, तर ओसरीभर पाखरं फडफडत होती. येनाला एक पान नव्हतं. पुढं अंडी फुटली, अळ्या उपाशी मेल्या. वस्तीचं बियाणं माझ्या हातून गेलं होतं. मला मान वर करवेना.

गुणाबाई उरलेल्या माळा निरखत म्हणाल्या, "हे पाहा. बत्तीसमोरचे सारे फुटले. खांबाआडचे हे चार-दोन निजूनच हायेत. याईले दिवस मोजता येते, भाऊ. तुमच्या बत्तीनं दिवस लंबा केला. त्याईले वाटलं, मिरुग आला."

पुढं नागपुरात एका प्राध्यापकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बाईंनी बरोबर ओळखलं. किड्याच्या अंगातच घड्याळ असतं. उजेडाचे तास कमी झाले की ते झोपेची वेळ सांगतं, वाढले की जागं व्हायची."

त्या वर्षी मृग लागला तशी ढोल्याआडची पाखरं निघाली. त्यांनी घातलेली अंडी गुणाबाईंनी पळसाच्या द्रोणांत भरून घरोघर वाटली. शेवटचा द्रोण माझ्या हातात ठेवला.

"मले काऊन?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"झाडावर कोण बांधन मंग? तुमी कामदार नाई का?"

त्या साली पीक बेताचंच आलं. सगळे कोसे बियाण्यालाच ठेवावे लागले. तरी एकाही घरानं मला बोल लावला नाही, आणि माझा वर्ग गुणाबाईंच्या अंगणात, दिवसाउजेडी, पुन्हा सुरू झाला.