कोनतं झाड?

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघतेय. काही दुरुस्त्या असतील तर कळवा, असं सांगायला प्रकाशकांचा दोनदा फोन येऊन गेला. दुरुस्ती एकाच शब्दाची आहे. त्या जागी कोणता शब्द घालायचा ते मात्र मला माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते माझे वडील, आमचे बाबुजी, मागच्याच्या मागच्या मार्गशीर्षात गेले.

मी गोंदियाच्या एका शाळेत इतिहास शिकवते. वाकाटकांच्या काळाचं मला वेड आहे, आणि वेड हा शब्द मी मोजून वापरतेय. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी पिशवी भरायची आणि निघायची. कधी पवनीला, कधी रामटेकच्या बाजूच्या टेकड्यांवर, एसटीनं जाऊन पुढे कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून. जुनी वीट दिसली की तिला वीत लावून मोजायची. गुराखी विचारायचे, "म्याडम, सोना खोज रहे क्या?" एकदा पवनीतल्या एका दगडावरचं अक्षर 'प' आहे की 'ह' यावर माझी झोप उडाली. ब्राह्मीत ही दोन्ही अक्षरं सारखी दिसतात. त्या एका अक्षरासाठी मी मे महिन्यात दुसऱ्यांदा पवनीला गेले, आणि सकाळचं तिरपं ऊन दगडावर पडावं म्हणून पहाटेपासून बसून राहिले. एक अक्षर चुकलं तर माणसाचं नाव बदलतं, असं मी वर्गातल्या मुलांना बजावून सांगायची. हे मीच म्हणायची, म्हणून इथे लिहून ठेवते.

मला कादंबरी लिहायची होती ती तलाव बांधणाऱ्या माणसावर. राजांवर सगळेच लिहितात. पण त्या काळात पाणी कसं अडवलं, पाळीला माती कुठली घातली, हे कुठल्या ताम्रपटात नसतं. दोन वर्षं मी ग्रंथालयं पालथी घातली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आम्ही कोहळी, तलाव बांधणं आमच्या पिढ्यांचं काम. प्रतापगडाचा डोंगर दिसतो त्या अंगाला आमचं गाव आहे, आणि गावच्या तलावाचं पाणी शेताशेतांत वाटून देण्याचं काम बाबुजींनी म्हातारपणापर्यंत केलं होतं.

"दीड हजार वर्साच्या मेलेल्या मानसाले भेटाले तू पवनीले जाते," ते म्हणायचे, "आन् जित्या बापाले भेटाले तुले सुट्टी नाही भेटत."

मग मी जाऊ लागले. तीन हिवाळे, दर रविवारी. बाबुजींचे गुडघे गेले होते, तलावावर चढणं बंद झालं होतं. ते अंगणात उन्हात पाय पसरून बसायचे, गुडघ्यांना तेल चोळायचे आणि बोलायचे. मी मोबाईल त्यांच्या मांडीजवळ ठेवून सगळं रेकॉर्ड करायची. पाळ म्हणजे तलावाचा बांध. ती अनवाणीच चालून पाहायची, कारण कुठे भुसभुशीत झाली ते चपलेला कळत नाही. माती ओली करून वळून पाहायची, तुटली तर नको. आणि तुडुम. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं जे दगडी दार असतं त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात.

"आपल्या तलावाले दोन तुडुमं होते," बाबुजींनी एका रविवारी सांगितलं. "नवीन बांधलं तवा जुनं बुजवलं. त्याचं तोंड आतून कुठं आहे ते माया आजानं बापाले दाखवलं, बापानं मले. कधी तलाव गळाले लागला तर तिथंच पाहाचं. बाकी कोनाले माहीत नाही आता." आणि त्यांनी ती जागा सांगितली, एका झाडाच्या नावासकट आणि त्या झाडापासून किती पावलं त्यासकट.

मी आनंदानं वेडी झाले होते, माझ्या कादंबरीसाठी. पुरलेलं दगडी दार, तीन पिढ्यांचं गुपित! त्या आठवड्यातच मी ते प्रकरण लिहिलं.

रेकॉर्डिंगं ऐकून मी सगळं वहीत उतरवलं होतं, पण ते माझ्या मराठीत. बाबुजी म्हणाले होते, "तो पाळीवरून पाहून राहिला." मी लिहिलं, "तो बांधावरून न्याहाळीत होता." वाकाटकांच्या काळातला माणूस आमच्यासारखं 'काऊन' नि 'कायले' म्हणत कसा दाखवायचा? लोक हसतील, असं मला वाटलं. जणू त्या काळी तो पुण्याची मराठी बोलत असणार होता! आणि त्या झाडाच्या जागी मी लिहिलं, 'एका पुरातन वृक्षापासून काही पावलांवर.' वाक्याला लय हवी होती. वहीतही तेच आणि पुस्तकातही तेच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पवनीला मोबाईलमधली जागा भरली. लेखाचे फोटो निघेनात. बाबुजींच्या फाइली उतरवून झाल्याच होत्या. मी दगडासमोर उभी राहून त्या एकेक करून पुसल्या आणि त्या जागेत 'प' की 'ह' चे पंचवीस-तीस फोटो काढले.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी पहिली प्रत घेऊन गावी गेले. बाबुजींना तोवर दिसत नव्हतं फारसं. अंगणात बसून मी त्यांना तलाव बांधणाऱ्याचं प्रकरण वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते. मी 'पुरातन वृक्षापासून' म्हटलं, आणि त्यांनी हात वर केला.

"कोनतं झाड?"

"असतं एक झाड, बाबुजी. कादंबरी आहे ही."

"बिनानावाचं झाड कसं राहील, बाई? सांगतलं होतं ना तुले." आणि त्यांनी झाडाचं नाव पुन्हा सांगितलं. मी तेव्हा पुढचं वाक्य वाचत होते. वाचताना मध्ये बोललेलं मला खपत नाही, शाळेची सवय. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी पान उलटलं.

प्रकरण संपल्यावर त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चांगला होता तो मानूस. कोन्या गावचा म्हनते?"

तो माणूस तुम्हीच आहात, असं मला म्हणता आलं असतं. मी हसले आणि घरी येऊन ही गंमत चार जणांना सांगितली. आपलाच बाप आपल्या पुस्तकात स्वतःला ओळखत नाही, यात गंमत काय होती ते आता मला सांगता येत नाही.

त्या वर्षी धान घरात आलं आणि बाबुजी गेले. दोन दिवस ताप आला, तेवढंच. मी पोचले तेव्हा त्यांचा आवाज गेला होता.

पुढच्या भादव्यात तलाव गळायला लागला. गळती एका जागी असती तर दिसली असती. पण पाणी पाळीखालून पसरून झिरपत होतं, आणि खालच्या शेतांत नुसता चिखल होत होता. सगळ्यांत शेवटच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, ऐन लोंबी भरताना पाणी पोचलं नाही. चैत्रात तलाव आटला तेव्हा एका रविवारी मी गावी गेले असताना माझे चुलतकाका गावातली पाच-सात माणसं घेऊन घरी आले.

"जुन्या तुडुमाचं तोंड शोधाचं आहे," काका म्हणाले. "तुये बाबुजी मले म्हनाले होते, का माया पोरीनं लिहून घेतलं आहे, आता कोनाले सांगाची गरज नाही. पक्कं झालं. म्हनून आमी बी इचारलं नाही."

मी वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, माझं अक्षर चांगलं आहे. सगळे वाट पाहत होते. मी वाचलं, 'एका पुरातन वृक्षापासून काही पावलांवर.'

मग काका हळूच म्हणाले, "पाळीवर झाडंच झाडं आहेत, बाई. कोनतं?"

बाबुजींनी हेच विचारलं होतं, याच अंगणात.

मी आठवून पाहिलं. रात्रंदिवस आठवून पाहिलं. त्यांचा हात वर झालेला आठवतो, तेलानं चमकणारे गुडघे आठवतात, नाव आठवत नाही. लोकांनी अंदाजानं चार ठिकाणी खणलं. माती आणि मुळ्या निघाल्या. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. काका तर म्हणाले, "राहू दे, तू तरी काय करशील." त्या पाळीसमोर उभी असताना मला माझ्या सगळ्या पुस्तकांची शिसारी आली.

परवा मी पुन्हा तलावावर गेले. चपला काढून ठेवल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. प्रत्येक झाडाखाली थांबून मी त्याचं नाव मोठ्यानं म्हटलं. मोह. चिंच. जांभूळ. बेहडा. ऐन. पुन्हा मोह. एखादं नाव तरी बाबुजींच्या आवाजात ऐकू येईल असं वाटलं होतं. सगळी माझ्याच आवाजात आली, शुद्ध आणि स्पष्ट.

घरी येऊन प्रकाशकांना कळवलं, दुरुस्ती काही नाही.