मंगळावरचा पाणकर

काकाजींनी मला फसवलं. पंचवीस वर्षं फसवलं, आणि तेही गोष्ट सांगून.

काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आमच्या गावतळ्याचे पाणकर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती पाणी सोडायचं ते पाणकर बघतो, आणि त्याच्यापुढे भल्याभल्यांचं चालत नाही. एक बांधी भरायला अख्खी दुपार जायची. तोवर काकाजी तळ्याच्या पाळीवर बसून मला एक पुस्तक सांगायचे. गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, कव्हर फाटलेलं, कुठल्याशा शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबरीचं हिंदी भाषांतर. लोखंडी गोळ्यात बसून माणसं मंगळावर जातात आणि तिथे कालवेच कालवे! काकाजी हिंदीत वाचायचे, आमच्या बोलीत सांगायचे. पुस्तकाला मात्र हात लावू देत नसत. "चिखलाचे हात हायेत तुये, सरक तिकडं."

त्या गोळ्यात आमच्याच भागातला, केशोरीकडचा एक पाणकर होता. साहेब लोक नकाशे काढत बसायचे. हा जमिनीला कान लावून पाणी कुठे अडलंय ते सांगायचा. शेवटी सगळ्यांचा जीव तोच वाचवतो. मी तर त्याच्यावर फिदाच होते. घरचे म्हणाले, डी.एड. कर. मी हट्टाने पाटबंधाऱ्याचं शिक्षण घेतलं, ते त्या माणसाच्या भरवशावर. हॉस्टेलमध्ये छातीठोकपणे सांगितलं की जगातल्या पहिल्यावहिल्या विज्ञानकथांत आमच्याकडचा माणूस आहे. पोरी खो खो हसल्या. मी आठवडाभर कोणाशी बोलले नाही.

मागच्या महिन्यात लोखंडी गोळा, मंगळ, कालवे असं शोधता शोधता ती मूळ इंग्रजी कादंबरी मोबाईलवर सापडली. कोहमाऱ्याच्या फाट्यावर बसची वाट बघता बघता वाचायला घेतली. काय मजा आली म्हणून सांगू! निघालेत मंगळावर, आणि सोबत छत्र्या, चांदीचे चमचे. बाई अख्ख्या पुस्तकात एकच, तीही रुमाल हलवायला. हसू आवरेना. एक बस गेली, दुसरी गेली. मी पाणकराची वाट बघत होते.

तो आलाच नाही. आला तो एक हिंदुस्थानी नोकर, बिननावाचा. सामान उचलतो आणि मंगळावर उतरताच मरतो, दोन ओळींत. वर साहेब लिहितो, बरं झालं, परतीचं वजन कमी झालं.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. लिहिणारा तर परकाच, त्याचं काय घेऊन बसायचं? पण काकाजी माझे होते ना! ज्या माणसाकडे बघून मी इथवर आले, तो कधी नव्हताच.

रविवारी गावी गेले. काकाजी पाळीवरच बसलेले. आता डोळ्यांनी फार दिसत नाही.

"काकाजी, पुस्तकात पाणकर नाहीच. मले खोटं काऊन सांगितलं?"

"आनली का पुस्तक? वाच मंग."

ना लाज, ना काही. मीही चिडून त्या दोन ओळीच काढल्या आणि आपल्या बोलीत जशाच्या तशा वाचल्या, वजन कमी झालं इथपर्यंत. म्हटलं, लागू दे जिव्हारी.

"हेच वाचलो होतो तुले पयल्यांदा. तू सात वर्साची. रडली नाही. इचारलीस, 'मंग आता मंगळावर पानी कोन सोडते?'"

मला यातलं काहीही आठवत नव्हतं.

"मी समदी पानं पाह्यलो, सोडनारा कुठी भेटला नाही, मंग मीच धाडलो आपला पानकर," काकाजी म्हणाले. "आखरीची फाटली होती. तुया मोबाईलमंदी त पूरी हाये ना? पाह्य बरं, लिवलं हाये का कुठी."

मी तिथेच बसून शेवटच्या पानापर्यंत गेले. कालवे होते, साहेब होते, चांदीचे चमचेसुद्धा सहीसलामत परत आले होते. पाणी सोडणारा कोणीच नव्हता.