सतरा नंबरची दाढी

लतिका दमलेली नाही असा दिवस मी दोन वर्षांत पाहिला नाही. व्हर्जिनियात आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी कम्प्युटरवाली, ती रानटर्कीवर पीएचडी करणारी. सहावं वर्ष चालू होतं. नागपूरहून तिच्या आईचा फोन आला की एकच प्रश्न, "अगं, कोंबड्यांवर सहा वर्षं?"

२००६च्या वसंतात तिचं सगळं एका मादीवर येऊन ठेपलं. पाठीवर ट्रान्समीटर बांधलेल्या बाकीच्या माद्यांची घरटी अंडीचोर रॅकूननी फस्त केली होती. सतरा नंबर तेवढी ओकच्या झाडाखाली अकरा अंडी उबवत बसली होती. पिल्लं निघाली की थीसिस पूर्ण, नाहीतर आणखी एक वर्ष. लतिका पहाटे चारला उठायची, अँटेना घेऊन जंगलात जायची, लांबूनच सिग्नल ऐकून परतायची. "आणखी एक वर्ष माझ्यात नाही गं, शुभा," म्हणायची.

त्यात दर शनिवारी ती नवशिक्या शिकाऱ्यांचा क्लास घ्यायची. "कॅन्सल कर ना यार," मी ओरडायचे. ऐकेल तर शपथ! तिचे धडे ठरलेले: झाडाला पाठ टेकून बसा, हलू नका, टर्कीची नजर भयंकर तेज असते. लाल-निळं घालू नका, नराचं डोकं त्याच रंगांचं, दुसरा शिकारी तुम्हालाच टिपेल. वसंतात दाढीवालाच पक्षी मारायचा. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा केसांसारखा झुबका. त्या शनिवारी ती इतकी गळून गेली होती की शेवटच्या स्लाइड्स गाळल्या आणि म्हणाली, "थोडक्यात, दाढी दिसली की नर. मारा."

त्या क्लासला हर्नडन गावचा अंकुर होता, आयटीतला. पुढच्या सोमवारी दुपारी स्वारी बर्फाची कूलरपेटी घेऊन आमच्या दारात हजर.

"लतिकाताई, पहिलीच शिकार! तुम्ही सांगितलं तसंच, दाढी बघितली." मग त्याने खिशात हात घातला. "आणि हे पाठीवर होतं."

सतरा नंबरचा ट्रान्समीटर.

दहातल्या एखाद्या मादीलाही दाढी असते. गाळलेल्या स्लाइडवर तेच होतं. सतराची दाढी तर लतिकाने स्वतः पट्टीने मोजली होती.

मी चवताळले. "डोळे फुटले होते का रे तुझे?"

"शुभा, गप. नियमात बसतं ते. त्याचं काही चुकलं नाही," लतिका म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली.

मीही गेले. अंडी गार पडली होती. दोन दिवसांत फुटणार होती. ती पाचोळ्यात बसली आणि ढसाढसा रडली. मला वाटलं, संपलं, ही आता नागपूरचं तिकीट काढणार.

पण शनिवारी ती क्लासला गेली. अंकुर शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. लतिकाने पहिलीच स्लाइड सतराची लावली. करडं-निळं डोकं, छातीवर दाढी.

"ही मादी," ती म्हणाली. "हिला मी मारलं. आता डोकं कसं ओळखायचं ते सांगते. कितीही वेळ लागू दे."