आजोबांचा उजवा कान

नातवंडांनो,

परवा ताईने फोनवर सांगितलं की ती एका मोठ्या कॉन्सर्टला जाणार आहे आणि तिला अगदी स्टेजजवळची जागा मिळाली आहे. आजोबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान डोलावली, "वा, छान," म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर मला विचारलं, "काय सांगत होती?" धाकट्याने मागे एकदा विचारलं होतं की आजोबा हल्ली सगळ्याच गोष्टींना छान का म्हणतात. तेव्हा मी विषय बदलला होता. फोनवर हे सांगता येत नाही, कारण आपण जे बोलतो ते मला त्यांना मोठ्याने परत सांगावं लागतं, आणि हे मला मोठ्याने सांगायचं नाही. म्हणून लिहिते आहे. ताईच्या कॉन्सर्टच्या आधी हे तुम्हा दोघांच्या हाती पडावं.

आजोबांचा डावा कान लहानपणीच गेला. गावात तेव्हा कान फुटला की गरम तेल घालत आणि वाट पाहत. त्यांचा कान वाहून वाहून बंद झाला तो झालाच. माझं लग्न ठरलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासरी आल्यावर हळूहळू माझं मलाच कळलं, कारण डावीकडून हाक मारली की ते माझ्याकडे सोडून चारी दिशांना बघत. तेव्हापासून मी त्यांच्या उजव्या बाजूने चालते. एका कानावर त्यांनी नोकरी केली, शेती सांभाळली, भावाभावांतली भांडणं मिटवली, तुमच्या आईचे पाढे पाठ करून घेतले. लोकांना वाटे की हा माणूस फार लक्षपूर्वक ऐकतो. समोरच्याकडे मान वळवून, किंचित वाकून ऐकण्याची त्यांची रीत होती, आणि ती रीत त्यांना शोभायची.

काही वर्षांपूर्वी नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. उजवा कानही थोडा उतरला होता, वयाने उतरतो तसा. डॉक्टर म्हणाले, "जे गेलं ते परत येत नाही. आहे ते सांभाळा. मोठ्या आवाजापासून लांब राहा."

आजोबांनी विचारलं, "लांब म्हणजे किती लांब?"

"आपल्याकडे, लग्नसराईत? तोरणमाळच्या डोंगरावर जाऊन राहा," डॉक्टर हसून म्हणाले. आम्हीही हसलो.

मग आजोबांच्या धाकट्या भावाच्या नातवाचं लग्न ठरलं. मुलगी म्हसावदची. आमच्याकडे वरातीच्या पुढे घरातला सर्वांत मोठा पुरुष फेटा बांधून चालतो. मांडवाच्या दाराशी मुलीकडचे मोठे त्याची गळाभेट घेतात आणि मगच वऱ्हाड आत जातं. तो मान आजोबांचा. आणि वरातीच्या पुढे, म्हणजे त्यांच्या बरोबर पाठीशी, डीजेची गाडी. तुम्ही ती पाहिलेली नाही. ट्रकवर पेट्यांवर पेट्या रचलेल्या असतात आणि त्यातून निघणारा आवाज कानांत नाही, आधी छातीत शिरतो. गाडी जाते त्या घरांची पत्र्याची छपरं थरथरतात.

मी दिरांकडे गेले. म्हटलं, साधा बँड ठेवा, तुमच्या भाऊंचा एकच कान आहे.

ते घरात अहिराणीच बोलतात. म्हणाले, "वहिनी, माले बी ते नको शे. पन पोरे ऐकतस का मन्हं?"

"मग त्यांना वरातीत पुढे उभं करू नका. मांडवात बसू द्या."

दीर म्हणाले, "भाऊ पुढे नही ऱ्हायनात ते लोके काय म्हनतीन? भाऊभाऊमा भांडन शे म्हनतीन." आणि ते खरंच होतं. आमच्याकडे मोठा भाऊ वरातीत दिसला नाही, तर घरातल्या वाटण्यांची चर्चा पंगतीतच सुरू होते.

तेव्हा मी इअरप्लग शोधायला लागले. शहाद्याच्या मेडिकलमध्ये मागितले तर दुकानदाराने कापूस काढून दिला. दुसऱ्याने पोहण्याचे बोळे दिले. ते पाणी अडवतात, आवाज नव्हे. शेवटी ऑनलाइन मागवले आणि, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, मागवण्याआधी सगळं वाचून काढलं. तीन प्रकारचे घेतले.

एक मऊ फोमचे. ते बोटांनी वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. आवाज सर्वांत जास्त हेच अडवतात, पण बोलणंही गोधडीआडून आल्यासारखं येतं. दुसरे रबरासारखे, एकावर एक छोट्या छत्र्या लावल्यासारखे. धुऊन पुन्हा वापरता येतात, पण आजोबांची कानाची वाट अरुंद, त्यांना ते टोचले. तिसरे संगीत ऐकणाऱ्यांसाठीचे. त्यांना बाहेर छोटी दांडी आणि मधोमध बारीक गाळणी असते. ती सगळेच आवाज सारखे खाली आणते, त्यामुळे गाणं गाणंच राहतं आणि शेजारचा माणूस काय म्हणतो तेही कळतं. पाकिटावर एक आकडा असतो, किती आवाज कमी होतो त्याचा. तिसऱ्या प्रकारचा आकडा फोमपेक्षा लहान होता.

स्वयंपाकघरात मिक्सर लावून आम्ही एकेक तपासला. मी मिक्सर चालू करून म्हणायचे, "चहा हवा का?" फोम लावला की आजोबा नुसते माझ्या तोंडाकडे बघत. गाळणीवाला लावला तेव्हा म्हणाले, "हवा. साखर कमी." मला तोच पसंत पडला. त्यांना नाही.

"मिक्सर तर ऐकू येतोय. मग ह्याचा उपयोग काय?"

"कमी ऐकू येतोय ना?"

"अडवायचाय तर पुरता अडवावा. आणि ही दांडी बाहेर दिसते. म्हातारा मोबाइलवर गाणी ऐकतोय म्हणतील."

फोमचे केशरी रंगात होते. त्यालाही त्यांनी नकार दिला. "कानात गाजर घालून वरातीत फिरू का?" मग मी पांढरे मागवले. घालायचं कसं ते त्यांच्याकडून रोज सकाळी करून घेतलं. मी समोर असले की बरोबर जमायचं.

लग्नाच्या दिवशी आमचं वऱ्हाड म्हसावदच्या शाळेत उतरलं होतं. दुपारी वरात निघायची वेळ झाली. मी आजोबांचा फेटा जरा वर सरकवला, बोळा वळला, त्यांच्या उजव्या कानात नीट बसवला आणि फुगेपर्यंत धरून ठेवला. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. डावा कान बंद, उजवा मी बंद केलेला. ते माझ्याकडे बघून हसले. जरा वेळाने मला वरमायेबरोबर बायकांच्या घोळक्यात जावं लागलं. बायका मागे, पुरुष पुढे. पुढचं थोडं मी पाहिलं आणि बाकीचं त्यांच्याकडून नंतर ऐकलं.

मुलीकडचे काही मोठे लोक अत्तर-गुलाबपाणी घेऊन शाळेत सामोरे आले. मुलीचे आजोबा पुढे होऊन काहीतरी बोलले. आपले आजोबा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. व्याह्यांनी पुन्हा विचारलं. शेजारून दीर ओरडले, "कानले बूच लाई लिधं का भाऊ? आज ते व्याही बोली ऱ्हायनात, वहिनी नही." सगळे हसले. आजोबांनी लगेच बोळा काढला आणि व्याह्यांची विचारपूस केली. तब्येत कशी आहे, ऊस तुटला का, मुलगी किती शिकली. ज्या माणसाने आयुष्यभर वाकून प्रत्येकाचं ऐकलं, तो व्याह्यासमोर दगडासारखा कसा उभा राहील? त्यांच्या जागी मी असते तर मीही काढला असता.

मग व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे त्यांना अत्तर लावलं आणि कापसाचा फाया उजव्या कानाच्या वरच्या वळणात खोचला, जिथे आपल्याकडे सगळेच खोचतात. डीजे सुरू झाला. आजोबांनी मुठीतला बोळा परत लावला. पण हात ओळखीच्या जागी गेला. फाया होता तिथेच, त्याच्याशेजारी, त्यांनी बोळा खोचला. कानाची वाट उघडीच राहिली. कितीतरी लग्नांत कानाला लावलेली पांढरी वस्तू त्याच वळणात बसलेली होती. वळायचं, ओढायचं, धरायचं, ते सगळं माझ्यासमोर, आमच्या स्वयंपाकघरात राहिलं.

वरात निघाली. मी मागे, टाचा उंचावून पाहत होते. फेट्याखाली त्यांच्या कानाशी पांढरं काहीतरी दिसत होतं. मला बरं वाटलं. तरी ते गाडीच्या फार जवळ चालत होते. एका पुतण्याला पाठवलं, त्यांना जरा पुढे ने म्हणून. तो गेला, परत आला आणि माझ्या कानाशी ओरडला, "ते म्हणतात, मला काही होत नाही, मी घातलंय."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. डीजे एवढा मोठा ऐकू येतोय तर न घालता किती असेल, असा त्यांनी हिशेब केला.

चौकात वरात थांबली आणि पोरं नाचायला लागली. मी घोळक्यातून वाट काढत गाडीपाशी गेले. यंत्रापाशी उभा असलेला तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला. मी त्याला दहावीला इंग्रजी शिकवलं होतं. त्याने हात जोडले. "मॅडम, तुम्ही?" मी खुणेने आवाज कमी करायला सांगितलं. त्याने ताबडतोब केला. मी पाठ फिरवून पाच-सहा पावलं गेले असेन, आवाज पूर्ववत. वळून पाहिलं तर नाचणाऱ्यांपैकी दोघं त्याच्या खांद्याला धरून हलवत होते आणि तो माझ्याकडे बघून परत हात जोडत होता. त्याच्यावर काय रागवायचं.

आजोबा चौकाच्या मधोमध उभे होते, डीजेकडे उजवा खांदा करून. नाचणाऱ्या पोरांनी त्यांच्याभोवती रिंगण केलं होतं आणि ते कौतुकाने टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी कानाला बोट लावलं आणि मान डोलावली. सगळं ठीक आहे. मी त्यांच्यापर्यंत पोचू शकले नाही. मध्ये पोरं होती, फटाक्यांची माळ होती, आणि मी हाक मारली तरी मलाच माझी हाक ऐकू येत नव्हती.

मांडवात बसल्यावर मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा पाहिलं. कानाच्या वळणात फाया आणि बोळा शेजारी शेजारी बसलेले. मी बोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि आजोबा लोकांचे हात बघून अक्षता टाकत होते.

परतताना गाडीत म्हणाले, "माले कमी ऐकू ई ऱ्हायनं." माझ्याशी ते एरवी अहिराणी बोलत नाहीत. "कानात विहिरीवरची मोटार चालू आहे," असंही म्हणाले.

सकाळी आम्ही नंदुरबारला गेलो. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. थोडं परत आलं. बाकीचं आलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं की आता काय करायचं. त्यांनी कानात घालायच्या यंत्राचे प्रकार समजावून सांगितले. मी सगळं नीट ऐकलं, प्रश्न विचारले, घरी येऊन वाचलं, आणि वाचून झाल्यावर समजलं की यात माझ्या वाचण्याने फरक पडण्यासारखं काही उरलेलं नाही. दीर येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लग्न चांगलं झालं म्हणाले. दीर उत्तरादाखल काहीतरी बोलले, ते आजोबांना कळलं नाही, आणि दिरांनी ते परत सांगितलंही नाही.

गल्लीतून अजूनही वराती जातात. आम्ही खिडक्या लावून घेतो. काचा वाजायच्या त्या वाजतातच.

ताई, तू जा. पण गाळणीवाले घे, म्हणजे मैत्रीण काही बोलली तर काढावे लागणार नाहीत. काढावेसे वाटतील असे बोळे कितीही चांगले असले तरी घेऊ नकोस. तुझ्या कानाच्या मापाचे घे, घरी आठवडाभर घालून बघ, आणि मोठ्या पेट्यांपासून लांब उभी राहा, तिकीट कुठलंही असो.

आता आजोबांचं कसं आहे ते सांगते. बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, पाखरं, लहान मुलं, बायकांचं बोलणं. ताई, तुझा आवाज त्यांना ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत. जाड आवाज अजून पोचतात. धाकट्याचा आवाज यंदा घोगरा झाला आहे, तो सावकाश बोलला तर त्याचं बरंचसं त्यांना समजतं. खोलीत दुसरा कसलाही आवाज नसला आणि यंत्र लावलेलं असलं, तर माझंही समजतं.