जवसाचं तेल

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. मेहकरला सायकलच्या एका दुकानात मी पेपर वाचत बसायचो. तिथे दर बाजाराच्या दिवशी डोणगावाकडून एक माणूस सायकल हातात धरून यायचा. सायकलवर बसलेला तो कधी दिसला नाही.

आला की नवी चेन मागायचा. दोन बोटांनी लोंबती धरायचा, आडवी वाकवून बघायचा आणि धोतरानं पुसून परत द्यायचा. दुकानदार करवादायचा, "घ्याची नाही तं पाह्यता काऊन?"

एकदा मीच वैतागून त्याच्या सायकलीशी वाकलो. चेनवर तेल वाळून लाखेसारखं घट्ट झालं होतं. एकही कडी हलत नव्हती.

"अहो, हे जवसाचं तेल. वाळलं की चिकटून बसतं. घासलेटात भिजवा, सुटेल."

"सुटीन नं. मले मालूम हाय," तो म्हणाला. "मी वावरात होतो. चेन कुरकुरते म्हून घरवालीनं फोडणीचं जवसाचं तेल लावलं. म्या लय बोललो तिले. त्या रात्री जेवली नाही." तो कडक कड्यांवरून बोट फिरवत राहिला. "पुढच्या बाजाराच्या आत तापानं गेली. आता तिच्या हातचं हे तेल कसं काढू, सांगा?"

दुकानदारानं नवी चेन खुंटीला अडकवली.

दुकानापुढे मोठा उतार होता. उताराला चेन लागत नाही, नुसतं बसलं तरी सायकल पळते. तो उतारही तो सायकल धरून पायीच उतरला.