म्हातारीचे वाळे

नोकरीतून सुटून इतकी वर्षे झाली, तरी मी कुणाच्या दहाव्याला जात नाही. मयतीला जातो, तेराव्याला जेवतो, पण दहाव्याला नदीवर जाऊन कावळ्याची वाट पाहत उभे राहणे मला जमत नाही. भावकीतले लोक नावे ठेवतात. ठेवोत. शिरूरला असताना घडलेली ती घटना विसरता आली असती, तर मीही चारचौघांसारखा हात जोडून उभा राहिलो असतो.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षे झाली होती. मी शिरूरला फौजदार होतो. घोड नदीच्या काठाने आणि पुढे दौंडच्या बाजूला भीमेच्या काठाने मळ्यामळ्यांत वस्त्या विखुरलेल्या. पुष्कळ वस्त्यांवर म्हातारी माणसे एकटीच राहत. मुले कुणी दौंडला रेल्वेत, कुणी पुण्याच्या कारखान्यात.

अशा तीन म्हाताऱ्या काही महिन्यांच्या अंतराने आपापल्या अंथरुणात मेल्या. पहिलीबद्दल कुणाला काही वाटले नाही. वय झाले होते, गेली. दुसरी दौंडच्या हद्दीतली. तिला शेवटची आंघोळ घालताना बहिणीला ओठाच्या आत जखम दिसली आणि ती ओरडली, म्हणून पोलिसांत वर्दी गेली. तिसरी माझ्या हद्दीत, मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तोंडावर वाकळ दाबून जीव घेतलेला आहे. तेव्हा कुठे लोकांना पहिलीही आठवली.

खून म्हटला की आमच्या खात्यात तीनच गोष्टी बघायची सवय. जर, जोरू, जमीन. इथे तिन्हींचा पत्ता नव्हता. म्हातारीच्या गळ्यातली बोरमाळ जशीच्या तशी होती. भाऊबंदकी नव्हती. पंचनाम्याच्या वेळी माझ्या जमादारांनी बाजरीच्या कणगीत हात घातला, तेव्हा फडक्यात बांधलेले चांदीचे इवलेसे वाळे निघाले, तान्ह्या मुलाच्या पायातले, अगदी कोरे. म्हातारीच्या नातीला दिवस गेलेले होते, तेव्हा ते कुणासाठी हे सांगायला नको. आम्ही ते मुद्देमालात जमा केले आणि घरच्यांनाही त्याबद्दल बोललो नाही. तपासात एखादी गोष्ट मुठीत झाकून ठेवावी, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. पंच परगावचे होते. त्यांनाही बजावून ठेवले.

खबर दुसऱ्याच दिवशी आली. ती घेऊन आलेला माणूस पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होता. त्याला सगळे आप्पा म्हणत. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, नदीकाठी तुकडाभर जमीन. कुणाच्याही घरी मयत झाली की पहिला हजर. तिरडी बांधायला तो, लाकडे रचायला तो, सुतकाच्या घरी भाकरी पोहोचवायला तोच.

"सायेब, त्यो पालावरचा गडी तिकडं घिरट्या घालीत व्हता," तो म्हणाला. "म्या सोता पायला."

गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या त्या लोकांवर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. शिक्का कायद्याने पुसला गेला, लोकांच्या डोक्यातून नाही, आणि खरे सांगायचे तर खात्याच्या डोक्यातूनही नाही. वरून हुकूम आला, त्याला आत घ्या. दोन हद्दींतले खून, वर्तमानपत्रात बोंब, वरच्या साहेबांना कुणीतरी आत असलेला हवाच होता. तो लॉकअपमध्ये बसला आणि त्याची बायको ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली. सकाळची हजेरी घ्यायला मी बाहेर आलो की ती उठून उभी राहायची. काही मागायची नाही. नुसती उभी राहायची.

मी त्याला विचारले, तेव्हा तो गजाला धरून उलट मलाच विचारू लागला. "सायेब, कोंबडी, शेरडू, कणसं, कवातरी घेतली आसतील, न्हाई म्हनत न्हाई. पर मी आसतो तर ती बोरमाळ मागं ऱ्हायली आसती व्हय?"

साहेबांना या प्रश्नाचे उत्तर नको होते, आरोपपत्र हवे होते. रिमांड संपत आला होता. तोवर दुसरे काही हाती लागले नाही, तर हा माणूस फासावर जाईल, हे मला दिसत होते. तोही ते ओळखून होता. त्याने जेवण टाकले होते.

म्हातारीच्या दहाव्याला मी आणि जमादार साध्या वेशात नदीवर गेलो. कोण आला, कोण आला नाही, एवढेच पाहायचे होते. जमादार बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली पिंड-कावळा सगळे सोडले होते. वाटेत म्हणाले, "साहेब, मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही कावळा बघा, मी माणसं बघतो."

पिंड मांडला गेला आणि सगळे मागे सरकले. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा मागे राहिली, असे मानतात. मग एकेक जण पुढे होऊन वचन देतो. मुलगा म्हणाला, "म्हातारे, मळा इकणार न्हाई." कावळा हलला नाही. मुलगी म्हणाली, "माझी काळजी करू नगंस, माझं बरं चाललंय." नाही. नातीने पोटावर हात ठेवून काही पुटपुटले. तरीही नाही. ऊन चढत चालले, बायका रडू लागल्या. आप्पा सुरुवातीपासून पुढेच उभा होता. अशा वेळी लोक त्यालाच पुढे करत, कारण त्याच्या हाकेला कावळा येतो असा त्याचा लौकिक होता. पण त्या दिवशी त्याने तीनदा हाक मारली आणि काही झाले नाही. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला.

मग तो पिंडापुढे गुडघ्यावर बसला, हात जोडले आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मावशे, वाळे बाळाच्या पायात घालतो. माझा सबूद हाय. जा आता."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही कावळ्याकडेच पाहत होतो, खोटे कशाला सांगू. जमादारांनी माझ्या कोपराला हात लावला. ते हळूच म्हणाले, "साहेब, वाळ्यांचं याला कुणी सांगितलं?"

आम्ही तिथे काहीच केले नाही. आधी नातीला बाजूला घेऊन विचारले. तिला वाळे ठाऊकच नव्हते. पंचांकडून खात्री केली, त्यांनी तोंड उघडलेले नव्हते. मग शिरूरच्या सराफांकडे फिरलो. एकाने ओळखले. म्हातारी बाजारच्या दिवशी दुपारी आली होती, वाळे घेतले आणि एसटीने परत गेली. त्याच रात्री तिचा खून झाला होता. म्हणजे वाळे माहीत असलेला माणूस बहुधा त्या संध्याकाळी तिच्या वस्तीवर होता.

आप्पाला ठाण्यात बोलावले, चहा पाजला. त्याच्या अंगाला कुणी बोट लावले नाही. मारून माणूस बोलतो, पण आपल्याला हवे ते बोलतो, असा माझा अनुभव आहे. खुनाचे काहीच न विचारता मी म्हणालो, "आप्पा, आधीच्या दोघींच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला होता का?"

त्याचा चेहरा उजळला. "येका हाकंत, सायेब."

"मग या म्हातारीलाच का वेळ लागला?"

त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तिनं मला वाळे दावले व्हते. च्या केला, मायेनं बोलली. वाकळ घातली तवा बी त्येच म्हनली. वाळे. बाकी काय न्हाई. ती मागं ऱ्हायली आसती तर कुनाच्या तरी अंगात येऊन माझं नाव सांगितलं आसतं."

त्यानंतर तो थांबलाच नाही. त्याची आई वर्षानुवर्षे अंथरुणावर होती आणि त्याने तिचे सगळे केले. ती गेली तेव्हा सारा गाव दारात आला. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी जबरदस्तीने घास भरवला. तेरावा झाला आणि सगळे आपापल्या घरी गेले. "पुन्यांदा कुनी हाक मारली न्हाई," तो म्हणाला. मग तो दुसऱ्यांच्या मयतीला जाऊ लागला. तिथे त्याला किंमत होती. आप्पा, हे बघा, आप्पा, ते बघा.

"मग हे का केलंस?" मी विचारले.

"आवंदा लई दिस कुनी मेलंच न्हाई, सायेब."

जमादार उठून बाहेर गेले. मला जाता येत नव्हते.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून तो मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवला. तिथेही त्याने तसाच, न अडखळता दिला. मनाच्या डॉक्टरांनी तपासून तो वेडा नसल्याचे लिहिले. मला पुढे अनेकांनी विचारले, एकटेपणामुळेच झाले ना हो सगळे? या प्रश्नाचा मला वीट आला आहे. एकटी माणसे मी शेकड्यांनी पाहिली. त्यांनी कुत्री पाळली, देवळात झाडलोट केली, दारू प्याली, पण कुणाच्या तोंडावर वाकळ घातली नाही. त्याला माणसे हवी होती हे खरे. पण दुसऱ्याचा जीव त्याला आपल्या किमतीपुढे हलका वाटला, आणि तो तसा का वाटला, हे मला तेव्हा कळले नाही, आजही कळत नाही. दुःख त्याचे खरे होते. त्या तिघींसाठी तो रडला तेही खोटे नव्हते. हेच मला सर्वांत भयंकर वाटते.

गावकरी मात्र ऐकेनात. शिष्टमंडळ ठाण्यात आले. "आप्पानं? त्यानं आमच्या बापाला खांदा दिलाय. तुमचं कायतरी चुकतंय. त्या पालावरच्याला सोडू नका म्हंजी झालं." म्हातारीचा मुलगाही त्यांच्यातच होता. मी त्याला दोष देत नाही. जो आपल्या चुलीपर्यंत येऊन भाकरी ठेवतो, त्याच्यावर संशय घ्यायला माणसाचे मन तयार होत नाही. गावाबाहेरच्यावर घ्यायला मात्र पुरावा लागत नाही. एवढे एक या प्रकरणाने मला शिकवले, आणि शिकून फार काही करता आले असेही नाही.

वाळे मुद्देमाल म्हणून कोर्टात अडकले. ते सुटून नातीच्या हाती पडले, तेव्हा बाळ शाळेत जायला लागले होते.

पालावरच्या माणसाविरुद्ध पुरावा नसल्याचा रिपोर्ट मी स्वतः नेऊन दिला आणि त्याची सुटका झाली. लिंबाखालून त्याची बायको उठून आली. या वेळी ती रडली. तो फाटकापर्यंत गेला, थांबला आणि परत माझ्याकडे आला. मला वाटले, पाया पडेल. तो पडला नाही. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, फक्त विचारायचे म्हणून त्याने विचारले.

"सायेब, या खेपेला कावळा आला म्हनून सुटलो. पुढल्या खेपेला कोन येनार?"

मी म्हणालो, "जा. सांभाळून जा."

त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी एका गावातून शेळी चोरीला गेल्याची वर्दी आली. ठाणे अंमलदाराने संशयिताचे नाव विचारले, तर फिर्यादीने क्षणाचाही विचार न करता त्याचेच नाव सांगितले.