आऱ्याचं दुसरं टोक

आरा चांगला होता. गावात त्याच्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. एवढंच लिहायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या वेळची गोष्ट. आमचं गाव देऊळघाटच्या अलीकडे. घरात आम्ही चौघं: माय, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. वडील मी लहान असतानाच गेलेले. भाऊ एकदा मलकापूरला कापसाची गाडी घेऊन गेला आणि येताना भंगारवाल्याकडून हा आरा घेऊन आला. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचा, मधल्या मापाचा. आरामशीनवर असतो तेवढा मोठा नाही, सुताराच्या करवतीएवढा लहानही नाही. पातं जुनं, जागोजाग काळं पडलेलं. एका बाजूची लाकडी मूठ फुटलेली होती, ती भावाने वाटेतच सुतळीने बांधली होती.

दिवस शनिवारचा. मायने कपाळावर हात मारला. "शनवारचं लोखंड आणलं बाप्पा यानं घरात." आरा ती रात्र गोठ्याबाहेर गव्हाणीला टेकून राहिला आणि रविवारी उजाडल्यावर त्याच्यावर पाणी शिंपडून मायने तो आत येऊ दिला.

मग ज्याने त्याने आपलं मत दिलं. शेजारच्या काकीचा नवरा म्हणाला, "सरपणाले आरा? मंग कुऱ्हाड काय वरातीत मिरवाले ठेवली?" कोणी म्हणालं, मधल्या मापाचा आरा म्हणजे ना घरचा ना घाटचा, मोठ्या खोडाला पुरत नाही आणि लहान लाकडाला लागत नाही. लोहाराने पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. "पोलाद जुनं हाय, पण इमानी हाय. वरच्यावर कानस मारत जा, म्हातारपणीबी दात देईन तुमाले."

नाल्याच्या काठी आमच्या बाभळी होत्या. त्यातल्या दोन-तीन वठलेल्या. ओंडका दोन दगडांवर ठेवायचा, अल्याड एक पल्याड एक बसायचं, ओंडक्याला पाय लावायचा आणि ओढायचं. पहिल्या दिवशी मी ओढायचो आणि भावाची पाळी आली की माझ्या बाजूने ढकलायचोही. भाऊ हसायचा.

"ढकलू नको बे. ढकलशील तं पातं वाकते."

"मंग करू काय?"

"काहीच नको करू. तुही ओढ झाली का हात ढिल्ला सोड. मी काय मेलो काय इकडं?"

हळूहळू जमलं. भावाची ओढ लांब असायची, सुरुवातीपासून शेवटच्या वितीपर्यंत सारखी. डोळे मिटून बसलो असतो तरी मला कळलं असतं की तो आता श्वास घेतो आहे, आता मान वळवून वहिनीकडे पाहतो आहे. आऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जो बसलेला असतो तो हातातून कळतो. हे कोणाला सांगून पटत नाही.

मृग लागायच्या आधी आमच्याकडे घरोघर पावसाळ्याचं सरपण भरून ठेवतात. त्या वर्षी आमचा आरा गल्लीभर फिरला. आज आमचं लाकूड, उद्या तुमचं. ज्यांनी नावं ठेवली होती त्यांच्याही दारात आम्ही बसलो. काकी म्हणाली, "कसे भाऊ भाऊ ताक घुसळल्यावाणी लाकूड कापून राह्यले पाहा."

पुढच्या वर्षी होळीच्या आधी आम्ही पुन्हा आरा काढला. पहिल्याच ओंडक्याला मला कळलं.

भावाची ओढ अर्ध्यात थांबली. अडखळली, मग मुठीतून एक बारीक थरथर माझ्या मनगटापर्यंत आली, आणि मग उरलेली ओढ पूर्ण झाली. मला वाटलं गाठ आली असेल. माझी पाळी आली तेव्हा पातं लोण्यातून जावं तसं आलं. त्याच्या पाळीला पुन्हा तेच. थोड्या वेळाने तो धोतर खोचायला उठला. मग पाणी प्यायला. मग बिडी पेटवली आणि न ओढताच विझवली.

"आरा अडकून राह्यला बे," तो म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

मी म्हणालो, "हाव भाऊ. दातायची फाक गेली असंन, दात सरळ झाले का पातं चिरेत धरते."

मी असं का म्हणालो ते इथे लिहून टाकतो. मलकापूरला ट्रकांच्या एका ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला माणूस पाहिजे होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की ये, असा निरोप आला होता. भावाने होकार दिला होता, मायलाही त्यानेच समजावलं होतं. शेत तो एकटा पाहणार होता. भाऊ आजारी आहे असं त्या घरात कोणी म्हटलं असतं, तर माझी पेटी खुंटीखालीच राहिली असती. मला जायचं होतं. चिखल, बैल आणि बाभळीचे काटे यांतून मला सुटायचं होतं. याहून मोठं काही कारण नाही. खूप वर्षं मी मोठं कारण शोधत होतो.

आरा अडकतो ही बातमी गल्लीत पसरली आणि पुन्हा सगळ्यांना मतं फुटली. पात्याला घासलेट लावा. दात दोन्हीकडे जास्त वाकवा. चिरेत पाचर ठोका म्हणजे लाकूड मिटणार नाही. कोणी म्हणालं, मलकापूरचं भंगार ते मलकापूरचं भंगारच. काकीच्या नवऱ्याने तर कुऱ्हाडच आणून दिली. सगळे आऱ्याकडे पाहत होते. आऱ्याला धरून बसलेल्या माणसाकडे कोणी पाहिलं नाही. दणकट माणूस होता तो. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन शिडी चढायचा. अशा माणसाचा दम तुटतो हे कोणाच्या मनात यायचं नाही. हत्यारच बिघडलं असणार.

मी आरा लोहाराकडे नेला. त्याने दातांवरून अंगठा फिरवला, पातं उन्हात धरून पाहिलं.

"दात तं बराबर हायेत. तुमच्या दोघातला लोंबकळते कोण?"

मी हसून म्हणालो, "मीच."

"वाटलंच मले. मलकापूरचं वारं लागलं तुले. भाऊले ओढाले लावते अन् सोता झोका घेते."

ते गावभर झालं. पारावर मला चिडवू लागले, "काय बे, आऱ्यावर झोपा काढते म्हणे." मी चिडवून घेतलं. भावाच्या कानावर गेलं त्या संध्याकाळी जेवताना आपल्या ताटातली अर्धी भाकर त्याने माझ्या ताटात ठेवली. त्याला वाटलं मी त्याची लाज राखली. मीही स्वतःला तसंच सांगत राहिलो.

आखाजी झाली आणि मी गेलो. सरपण अर्धंच झालं होतं. भाऊ म्हणाला, "जा तू. उरलेलं मी अन् तुही वयनी कापू."

आणि वहिनी माझ्या जागेवर बसली. तिने त्याआधी कधी आरा धरला नव्हता. भावाची चांगली ओढ तिच्या हाताला माहीत नव्हती. तिला जी थरथर कळली, जी अडखळ कळली, तीच तिला पहिली. ती तिने आपल्या खात्यावर घेतली.

पोळ्याच्या आधी भाऊ शेतातून येताना धुऱ्याच्या बांधावर बसला तो त्याला उठता येईना. बुलढाण्याला नेला. मी मलकापूरहून पोहोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर आले होते. हृदयाचं जुनं दुखणं आहे, म्हणाले. जड काम उन्हाळ्यातच बंद करून स्वस्थ ठेवला असता तर पुष्कळ दिवस काढले असते. "घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" त्यांनी विचारलं. मायने मान हलवली. वहिनीने मान हलवली. मीही हलवली.

पोळा त्याने पाहिला नाही.

तेरवीला बायका अंगणात बसल्या होत्या. मी पत्रावळींचा गठ्ठा घेऊन जात होतो. काकी म्हणाली, "बाईमाणसाच्या हातानं आरा चालते काय? दोघायचं त्या एकट्याले ओढा लागलं. तुटला बिचारा." तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. हळहळत होती. पण मायने ते ऐकलं, आणि शनिवारचं लोखंड विसरून माय त्या वाक्याला धरून बसली. वहिनी चुलीपुढे होती. तिने मान वर केली नाही.

पत्रावळी खाली ठेवून दोन वाक्यं बोलायची होती. मी पंगत वाढायला गेलो.

त्या दोघांनी कापलेलं सरपण मायने जाळू दिलं नाही. "हे लाकूड माह्या चुलीत नाई पायजे." पडवीत व्यवस्थित रचलेली ती रास तशीच राहिली. उरलेला पावसाळा वहिनी ओल्या काटक्या आणि गोवऱ्या फुंकत बसायची, धुराने डोळे लाल करून. आणि हाताभरावर वाळलेली बाभूळ पडून होती. पुढच्या वर्षी तिला वाळवी लागली. मी सुट्टीला यायचो तेव्हा ती रास पाहायचो. मायला म्हणायचो, "फेकून दे आता." त्यापलीकडे काही म्हणत नव्हतो. मायच्या लेखी मी शहाणा लेक होतो, आणि आता एकुलता.

वहिनीला मूलबाळ नव्हतं. माहेरी जा म्हणून तिचे भाऊ दोनदा गाडी घेऊन आले, ती गेली नाही. शेत तिने बटईने, अर्ध्या वाट्यावर लावलं, मायचं सगळं तिने केलं, अगदी शेवटचं अंथरुणातलंसुद्धा. माझं लग्न झालं, मुलं झाली, मलकापुरात घर झालं. गावी गेलो की वहिनी माझ्या पसंतीचं पिठलं करायची. मी ते खाऊन घ्यायचो.

मायचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात तूर पाखडत होती. मी समोर जाऊन बसलो.

"वयनी, तुले एक सांगाचं होतं."

"सांगा नं भाऊजी."

"तू आरा हातात धरला त्याच्या आधीच भाऊचा दम गेला होता. होळीपासूनच. मले हाताले समजत होतं."

सूप थांबलं नाही. तुरीचा आवाज येत राहिला.

"लोहाराले तं तुमी म्हनलं का तुमीच लोंबकळता."

"खोटं म्हनलं."

"मले त्यायनं सांगतलं होतं ते. म्हने, माह्या भावानं माही लाज राखली." तिने सूप खाली ठेवलं. "अन् तुमी काऊन खोटं म्हनलं?"

"मले मलकापूरले जायाचं होतं."

तिने तुरीतले दोन-चार खडे बाजूला काढले. मग विचारलं, "म्हंजे मी बराबर ओढत होती?"

"तू बराबरच ओढत होती."

"मी रोज त्यायची पाठ चोळत होती. म्हनत होती, आज तुमाले लय ओढा लागलं, उद्या मी जास्त ओढीन." तिचा आवाज चढला नाही की भरला नाही. "अन् दुसऱ्या दिशी मी जास्त ओढो. तरीबी तसंच होये."

मी हात जोडले असतील. तिने तिकडे पाहिलं नाही.

"मायले सांगाले पायजे होतं, भाऊजी. माय मरस्तोवर माह्याशी चुलीपुरतंच बोलली." ती उठली, पदर सावरला. "चाला."

"कुठी?"

"काकीच्या इथी. ते जिती हाय अजून."

ती पुढे, मी मागे. काकी ओसरीवर खलबत्त्यात सुपारी कुटत होती. फार म्हातारी झाली होती, नजर अधू, पण आम्हाला ओळखलं, बसायला पोतं टाकायला सांगितलं. वहिनी बसली नाही. मी सगळं सांगितलं. भाऊ आधीच आजारी होता. मला माहीत होतं. वहिनीचा काही दोष नव्हता.

काकीने खलबत्ता थांबवला. "दोष? कोन म्हनलं इचा दोष हाय म्हनून?"

"तूच म्हनली होती काकी, तेरवीले. बाईच्या हातानं आरा चालत नाई म्हनून."

"मी?" काकी खरोखरच आठवत होती. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "मी कायले म्हनीन माय असं? सोन्यासारखी बाई हाय तू. मले तं तो आराच आठवत नाई. आरा होता काय तुमच्या घरी?"

वहिनीने ओसरीच्या खांबाला हात लावला. मला वाटलं ती रडेल. पण ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पुन्यांदा सांगा भाऊजी. मोठ्यानं सांगा. त्यायले कमी ऐकू येते."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. गल्लीतून जाणारे एक-दोघं थांबले. काकीची सून चहाचे कप घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. सांगून झाल्यावर काकी म्हणाली, "बरं झालं बाप्पा. चहा घ्या."

वहिनीने चहा घेतला नाही. परतताना ती पुढे चालत होती. घराशी आल्यावर मागे न पाहता तिने विचारलं, "गाडी कधीची हाय तुमची?"

"संध्याकाळची होती. पण राह्यतो म्हनलं आजचा दिवस."

"नका राहू," ती म्हणाली, आणि उरलेली तूर पाखडायला बसली.